कोल्हापूरहून एका दिवसात मालवण: आधी सिंधुदुर्ग, मग समुद्र

शिकायला, नोकरीला किंवा लग्न होऊन कोल्हापुरात नव्यानं आलेल्या माणसाचा पहिल्या वर्षात पन्हाळा होतो, जोतिबा होतो, नरसोबाची वाडी होते. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: इथून समुद्र किती लांब? मालवणचा समुद्र साधारण दीडशे किलोमीटरवर आहे. मध्ये एक घाट लागतो आणि स्वतःच्या गाडीनं चार ते साडेचार तास जातात. पहाटे निघालात तर रात्रीच्या जेवणाला घरी येता येतं. मात्र हा दिवस आधी नीट मांडावा लागतो. तो मांडला नाही, तर नऊ तास गाडीत जातात आणि हाती फक्त एक थाळी आणि वाळूतले चार फोटो राहतात.

म्हणून माझा आग्रह आधीच सांगतो. एकच दिवस हातात असेल तर सकाळ किल्ल्याला द्या, दुपार समुद्राला द्या आणि सूर्यास्त सोडून द्या. बाकी सगळं नियोजन या तीन गोष्टींभोवती बसतं.

हा किल्ला कोल्हापूरकरांनी का पाहावा

मालवणला जाऊन सिंधुदुर्गावर न जाता परतणारी माणसं मला दर हिवाळ्यात भेटतात आणि दर वेळी वाईट वाटतं. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाचं खडकाळ बेट आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी तिथं किल्ल्याची पायाभरणी केली आणि तीन वर्षांत, १६६७ मध्ये, किल्ला उभा राहिला. बांधकामाची जबाबदारी हिरोजी इंदुलकरांकडे होती. क्षेत्रफळ ४८ एकर, तटाचा घेर सुमारे ३ किलोमीटर, आणि सगळं भर समुद्रात. पायाचे दगड शिसं ओतून बसवल्याचं सांगतात. साडेतीनशेहून जास्त पावसाळे लाटा त्याच तटावर आपटत आल्या आहेत.

आता यातला आपला धागा पाहा. किल्ल्यावरचं शिवराजेश्वर मंदिर छत्रपती राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलं. राजाराम महाराजांच्या पश्चात महाराणी ताराबाईंनी करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, गादी उभी केली आणि अठराव्या शतकात सिंधुदुर्ग याच गादीच्या ताब्यात होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला आणि त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं. पुढं पैसे घेऊन त्यांनी तो करवीरकरांना परत केला. १८१२ च्या तहात मात्र तो कायमचा इंग्रजांकडे गेला. म्हणजे एके काळी कोल्हापूरच्या राज्याला स्वतःचं बंदर होतं, आरमारी किल्ला होता. शिवराजेश्वराच्या मंदिरापुढचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतला, हेही तिथं उभं राहिल्यावर आठवावं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपला पन्हाळाही आहे आणि सिंधुदुर्गही. पन्हाळा पाहिलेल्या माणसानं सिंधुदुर्ग पाहिला की डोंगरावर तट बांधणं आणि पाण्यात तट बांधणं यातला फरक पुस्तकाविना कळतो.

तारीख ठरवताना

पहिली गोष्ट ऋतूची. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. मेअखेरीस समुद्र खवळायला लागला की वाहतूक थांबते आणि ऑगस्ट संपल्यावर, समुद्र शांत झाला की पुन्हा सुरू होते. पावसाळ्यात मालवण हिरवंगार आणि सुंदर असतं, पण किल्ला लांबूनच पाहावा लागेल. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते फेब्रुवारी धरावा. मार्च ते मे या दिवसांत जाता येतं, पण दुपारी तटावर दगड तापतात आणि कोकणातला घाम कोल्हापूरच्या माणसाला झेपत नाही. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळाच. होडीच्या रांगेतच तास-दोन तास जातील.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ही बहुतेक पाहुण्यांना माहीत नसते आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावीही लागत नाही. घरच्या दिनदर्शिकेतली तिथी बघा. पंधरवड्यातल्या तिथीच्या आकड्याला ३ नं गुणा आणि ४ नं भागा. येईल तो आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. उदाहरणार्थ एकादशी: ११ गुणिले ३ म्हणजे ३३, त्याला ४ नं भागलं की सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती, पुढं साधारण सहा तासांनी, दुपारी अडीचच्या आसपास, पूर्ण ओहोटी. तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची हालचाल मवाळ.

आपल्या बेतात समुद्रावर दुपारी दोन ते चार जायचं आहे. त्या वेळी किनारा रुंद आणि पाणी उथळ हवं असेल तर दोन्ही पंधरवड्यांत दशमी ते त्रयोदशी या तिथी चांगल्या. एकादशीला घरात उपास असेल, मासे चालत नसतील, तर दशमी किंवा द्वादशी गाठा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारभर पाणी जोरात ओसरत असतं आणि ओसरणारं पाणी माणसाला आत ओढतं. त्या दिवशी लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आदल्या दिवशी

गाडीची हवा, ब्रेक आणि पुढचे दिवे तपासून घ्या. टाकी कोल्हापुरातच भरा. दाजीपूरच्या जंगलात फोनला रेंज जाते, त्यामुळं नकाशा आधी उतरवून ठेवा. घाट सुरू आहे की नाही याची खात्री करा, विशेषतः पाऊस नुकताच संपला असेल तर. दरड पडली किंवा रस्त्याचं काम निघालं की घाट बंद होतात आणि बातमी स्थानिक पानावर आलेली असते.

पिशवीत काय घ्यायचं: प्रत्येकाला एक जोड कपडे, टॉवेल, टोपी, पकड असलेली चप्पल किंवा बूट (तटाच्या पायऱ्यांवर गुळगुळीत सपाता धोक्याच्या), फोनसाठी प्लॅस्टिकची पिशवी, भरपूर पाणी आणि रोख पैसे. होडीच्या खिडकीवर, शहाळंवाल्याकडं, गाडी लावायला, सगळीकडं सुटे लागतात. वाटेत खायला भडंग घ्या, खाऊन हात चिकट होत नाहीत आणि दिवसभर टिकतं. घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी आवळासुपारी किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी जवळ ठेवावी, आणि निघताना पोटभर खाऊ नये.

पहाटे चार: निघणे आणि फोंडा घाट

कोल्हापुरातून मालवणकडं उतरायला तीन वाटा आहेत. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा घाट उतरून वैभववाडीत जाता येतं. आंबोलीवरून सावंतवाडीला उतरता येतं, पण ती वाट लांबची. तिसरी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. एका दिवसाच्या सहलीला मी हीच सुचवतो, कारण ती सरळ कणकवलीजवळ नेऊन सोडते आणि घाट तुलनेनं छोटा आहे.

रंकाळ्यावरून साने गुरुजी वसाहत, पुईखडी, हळदी, परिते अशी वाट धरा. पन्नासेक किलोमीटरवर राधानगरी. शाहू महाराजांनी वसवलेलं गाव आणि त्यांनीच बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं धरण. अंधारात काही दिसणार नाही, परतीला उजेड असला तर पाहा. राधानगरीच्या पुढं अभयारण्य सुरू होतं. १९५८ साली घोषित झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, आणि ते ओळखलं जातं गव्यांसाठी. पहाटे गवे रस्त्यावर येतात. ताशी चाळीसच्या वर जाऊ नका. गवा दिसला तर थांबा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका आणि फोटोसाठी खाली उतरू नका. एक गवा गेला की लगेच गाडी हाकू नये, मागून कळप असतो.

चारला निघालं की दाजीपूरला सहाच्या सुमारास पोचतो आणि घाट उजाडण्याच्या सुमारास उतरता येतो. चार ही वेळ मी याच हिशेबानं धरली आहे. पाचला निघालात तर किल्ल्यावर उन्हात अडकता. तीनला निघालात तर गव्यांचं जंगल आणि घाट दोन्ही अंधारात. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेक दाबून उतरू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची ही घाटातली रीत पाळा.

फोंड्याहून कणकवली, तिथून महामार्गानं दक्षिणेला कसाल. कसालला उजवीकडं मालवणचा फाटा. इथून पुढं रस्ता अरुंद आणि वळणाचा होतो. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (बुटक्या कुंपणभिंती), काजू, माड, आणि अचानक समोरून येणारी एसटी. या पस्तीसेक किलोमीटरला तास धरा, घाई करून काही वाचत नाही.

एसटीनं जायचं असेल तर मध्यवर्ती बसस्थानकावर मालवण गाडीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे, त्यामुळं खर्च खूपच कमी येतो. पण एसटीनं जाऊन त्याच दिवशी परतणं म्हणजे किल्ला किंवा समुद्र यांतलं एक सोडणं. एसटीवाल्यांनी एक मुक्काम धरावा. दुचाकीवर जाणाऱ्या पोरांनाही तेच सांगेन. तीनशे किलोमीटर, दोन वेळा घाट आणि मध्ये उन्हात दिवस, अशा थकव्यानंतर रात्री दाजीपूरच्या जंगलातून दुचाकी चालवणं धोक्याचं आहे.

साडेआठ ते साडेअकरा: किल्ला

मालवणात शिरल्यावर आधी नाश्ता. घावणे किंवा आंबोळी, बरोबर काळ्या वाटाण्याची उसळ. हलकं असतं आणि इथलंच असतं. स्वच्छतागृह इथंच वापरून घ्या, मग बंदरावर जा. गाडी बंदरालगतच्या वाहनतळात लावा, गल्लीत घुसवू नका.

धक्क्यावर तिकीट काढून होडीत बसायचं. लाइफ जॅकेट दिलं की घाला आणि बंद लावा. मुलांच्या मापाचं नसेल तर मागून घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता, त्यामुळं या बाबतीत संकोच नको. होडीत खचाखच माणसं भरलेली दिसली तर पुढच्या होडीची वाट पाहा.

दहा-पंधरा मिनिटांचा हा प्रवास नुसता बसून घालवू नका. होडी किल्ल्याकडं सरळ रेषेत जात नाही, वळणं घेत जाते. कारण पाण्याखाली खडक आहेत. कुठले खडक कुठं आहेत हे इथल्या नाखव्यांनाच ठाऊक असतं. महाराजांनी ही जागा निवडली त्यामागं हेच कारण होतं: शत्रूचं मोठं जहाज तटाजवळ येऊच शकत नाही. किल्ल्याचं संरक्षण तटापासून नव्हे, या खडकांपासून सुरू होतं, आणि ते तुम्ही होडीत बसून अनुभवता.

जवळ पोचलात तरी दरवाजा दिसणार नाही. नागमोडी तटात दोन बुरुजांच्या कुशीत तो लपवलाय. पायऱ्यांशी होडी लागल्यावरच कळतं की वाट इथून आहे. त्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, ओहोटी असेल तर होडीही खाली असते. नाखव्याचा हात धरून उतरा, यात कमीपणा नाही.

होडीवाले परतीसाठी साधारण तासाभराची वेळ देतात. तीन किलोमीटरच्या तटाला तास पुरत नाही. उतरतानाच नाखव्याशी बोला: "दादा, आम्हाला दीड-दोन तास लागतील, नंतरच्या होडीनं आलो तर चालेल का?" गर्दी नसेल तर बहुतेक वेळा सोय होते. झाली नाही तर तासात काय पाहायचं याचा माझा क्रम असा.

दरवाज्यातून आत शिरल्यावर मारुतीचं छोटं मंदिर लागतं. तिथंच तटावर दोन छोट्या घुमट्यांखाली चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा आहे. तो महाराजांचा मानतात. तिथं रेंगाळणाऱ्यांची गर्दी होते, दर्शन घेऊन पुढं व्हा. मग सरळ शिवराजेश्वर मंदिर. इथं थांबा. आपण घोड्यावरचे, दाढी राखलेले, मंदिल घातलेले महाराज पाहत मोठे झालो. इथली मूर्ती बसलेली आहे, दाढी नाही आणि डोक्यावर दर्यावर्दी माणसाची वाटावी अशी टोपी आहे. महाराजांच्या निधनानंतर अवघ्या पंधरा वर्षांत त्यांच्या मुलानं बांधलेलं हे मंदिर आहे. रोजची पूजा आजही चालते. चपला बाहेर, आवाज कमी, आणि फोटोचं विचारून.

पुढं दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी. हे पाणी नसतं तर हा किल्ला वेढ्यात महिनाभरही टिकला नसता. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात. त्यांच्या दारात कोकम सरबत किंवा ताक मिळतं, तिथं थोडं बसा. त्यांच्यापैकी कुणी किल्ला दाखवायला तयार असेल तर पैसे देऊन बरोबर घ्या, ज्या गोष्टी फलकावर नाहीत त्या त्यांच्याकडून कळतात.

आणि मग पश्चिमेचा तट. बरेच लोक मंदिरावरून मागं फिरतात आणि हा भाग राहून जातो, खरा किल्ला इथं आहे. एका बाजूला नारळाची झाडं आणि शांतता, दुसऱ्या बाजूला थेट उघडा समुद्र. तटाला एका ठिकाणी लहानसा दरवाजा आणि बाहेर वाळूचा चिमुकला तुकडा आहे, त्याला 'राणीची वेळा' म्हणतात. ताराराणी तिथं समुद्रस्नानाला येत, असं सांगतात. चाळीसहून अधिक बुरूज एकामागून एक वळणं घेत गेलेले इथून दिसतात. तटाला सरळ भिंत का नाही हेही समजतं: बेटाच्या खडकाची जशी कड, तशीच भिंत वळवलेली आहे. लाट सपाट भिंतीवर एकवटून आपटत नाही, फुटते. तटाच्या समुद्राकडच्या बाजूला कठडा नाही. मुलांचा हात सोडू नका आणि कडेला बसून फोटो काढू नका. आपलं प्लॅस्टिक आपल्या पिशवीतच परत आणा. तटात खोचलेली बाटली समुद्रातच जाते.

किनाऱ्यावर परतल्यावर अर्धा तास हाताशी असेल तर 'मोरयाचा धोंडा' पाहा. बंदराजवळच्या किनाऱ्यावर हा खडक आहे, त्यावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथंच झाली. फार थोडे प्रवासी इथं येतात. दुसरा पर्याय मालवणातल्याच राजकोट किल्ल्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनाला तिथं बसवलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्या जागी २०२५ मध्ये नवा, कितीतरी मोठा पुतळा उभा राहिला आहे. राजकोट, पद्मगड आणि सर्जेकोट ही सिंधुदुर्गाची पाठराखण करणारी छोटी ठाणी होती. दोन्ही बघायला वेळ नसेल तर मी धोंडा निवडेन.

साडेबारा: जेवण

साडेबाराला जेवायला बसा. दीडनंतर चांगल्या खानावळींबाहेर रांग लागते आणि ताजी मासळीही संपत येते. मोठ्या पाटीच्या हॉटेलापेक्षा घरगुती खानावळ बघा, जिथं मालवणी बोलणारी माणसं जेवताना दिसतील ती.

कोल्हापूरच्या जिभेसाठी एक सूचना. इथलं तिखट वेगळं आहे. आपला तांबडा रस्सा कांदा-लसूण चटणीवर उभा असतो, इथलं कालवण ओल्या नारळावर, कोकमाच्या आंबटावर आणि बांगड्याच्या बाबतीत तिरफळ या मसाल्यावर. पहिल्या घासाला फिकं वाटेल, पण वरून तिखट मागू नका. चौथ्या-पाचव्या घासाला चव उलगडते. सुरमई आणि पापलेट सगळे मागवतात, पण बांगडा स्वस्त, ताजा आणि इथल्या मसाल्याला जास्त शोभणारा मासा आहे. तिसऱ्या (शिंपल्यांतला मासळीचा प्रकार) मिळाल्या तर सोडू नका. सोलकढी जेवणाच्या शेवटी भातावर घ्या किंवा नुसती प्या. मोठ्या मासळीचा भाव वजनावर ठरतो, तो तळायला टाकण्याआधीच विचारून घ्या.

मासे न खाणाऱ्यांचं इथं अजिबात अडत नाही. काळ्या वाटाण्याची आमटी आणि वडे, हंगामात ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी. वडे-सागुती हा मटण-कोंबडी खाणाऱ्यांचा मधला मार्ग. घरी न्यायला मालवणी खाजा आणि आमसुलं घ्या. ओला मासा थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून मिळतो, पण चार तासांच्या घाटप्रवासात तो गाडीत गळतो, मी सुचवणार नाही.

दोन ते चार: समुद्र

तारकर्ली मालवणपासून ६-७ किलोमीटर दक्षिणेला. लांब, सपाट, पांढुरकी वाळू आणि मागं सुरूची झाडं. फक्त लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील आणि अजून गाडीत बसायचा कंटाळा आला असेल, तर गावालगतचा चिवला किनारा पुरे. तिथं नशिबानं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोरी धरून उभं राहा, माणसं आपण होऊन सामील करून घेतात.

दुपारी दोनला ऊन असतं, म्हणून पहिला तास सावलीत घालवा. जेवण झाल्या झाल्या पाण्यात जाऊही नये. तीननंतर उतरा. कमरेच्या वर पाणी नको, पोहता येत असलं तरी. पंचगंगेत आणि रंकाळ्यात पोहलेल्या माणसाला इथं फाजील आत्मविश्वास येतो. नदीचा ओढ एका दिशेनं असतो आणि काठ दिसत राहतो. समुद्रात लाट परतताना पायाखालची वाळू घेऊन जाते आणि ओढ कुठं आहे ते वरून दिसत नाही. पाण्यात जाण्याआधी जीवरक्षकाला किंवा तिथल्या होडीवाल्याला विचारा की आज कुठं उतरू. ओढ लागलीच तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका आणि हात वर करून हाक मारा. वाळूत अर्धवट पुरलेलं काही निळसर, पारदर्शक दिसलं तर हात लावू नका, जेलीफिश किनाऱ्याला लागलेली असते आणि मेलेलीही डसते.

पॅरासेलिंग, बनाना राईड, स्कूबा सगळं इथं आहे. एका दिवसाच्या सहलीत स्कूबा धरू नका. त्याला सकाळचं स्वच्छ पाणी आणि तीन-चार तास लागतात, म्हणजे किल्ला बुडाला. देवबागचा संगम, डॉल्फिन, त्सुनामी बेट यांचंही तेच. त्यांच्यासाठी मुक्काम करून पुन्हा या.

चार वाजता: परत

आता सूर्यास्ताचं. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तो पाहून निघालात तर फोंडा घाट आणि दाजीपूर पूर्ण अंधारात, थकलेल्या ड्रायव्हरसह, डिसेंबरात धुक्यातही. चारला निघालात तर घाट शेवटच्या उजेडात चढून होतो. गाडीतले सगळे "अजून अर्धा तास" म्हणतील. गाडी चालवणाऱ्यानं तिथं ठाम राहावं, आणि हे सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवावं म्हणजे वाद होत नाही. ज्यांना सूर्यास्त हवाच आहे त्यांनी शनिवारी तारकर्लीत राहून रविवारी किल्ला करावा, तो बेत याहून सुंदर आहे.

निघण्याआधी गोड्या पाण्यानं अंग धुवा, खाऱ्या अंगानं चार तास बसलं की कातडी आवळते. कणकवलीत चहा घ्या आणि शक्य असेल तर तिथंच चालक बदला. घाटमाथ्यावर गारवा लागतो, मुलांना काहीतरी घालायला हाताशी ठेवा. राधानगरीत पोचलात की जंगल संपलं, आता घरी फोन करून भात टाकायला सांगायला हरकत नाही. साडेआठ-नऊला रंकाळा.

दुसऱ्या दिवशी गाडी खालून धुवून घ्या. किनाऱ्यावरची वाळू आणि खारं पाणी पत्र्याला लागून राहिलं की गंज धरतो, आणि चाकांच्या आतल्या बाजूला ते हमखास राहतं.